वर्दीतला झोंबी आणि आमच्याकडचं रझाकाराचं साल

मागच्या दिवाळीत मी गावी होतो, शिरूर अनंतपाळला. आधीच सांगतो, शिरूर ताजबंद नव्हे आणि पुण्याजवळचं शिरूर तर नव्हेच. ऑफिसात पाच वर्षं हेच सांगतोय, तरी कुणीतरी विचारतंच, "म्हणजे रांजणगावच्या पुढं ना?" नाही बाबा. लातूर जिल्हा. एका अंगाला निलंगा, दुसऱ्या अंगाला उदगीर.

तर रात्री जेवणं झाली, आणि चुलतभावानं फोन तांब्याला टेकवून पिक्चर लावला. "दादा, नाझी झोंबी आहेत. पार्ट टू." पार्ट वन बघितला का विचारलं तर म्हणाला, "गरज नाही, सुरुवातीला दाखवतात." आणि खरंच दाखवतात. पिक्चरचं नाव ‘डेड स्नो २: रेड व्हर्सेस डेड’. नॉर्वेचा, २०१४ चा, दिग्दर्शक टॉमी विरकोला. पहिला भाग २००९ मध्ये आला होता.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या डोंगरात मेलेली एक नाझी तुकडी बर्फातून उठते. त्यांचा म्होरक्या कर्नल हर्झोग. पहिल्या भागात नायक मार्टिननं स्वतःचाच हात कापलेला असतो. दुसऱ्या भागात डॉक्टर त्याला हात जोडून देतात, पण चुकून हर्झोगचा. त्या हातात मेलेल्यांना उठवायची ताकद असते. हर्झोगला तालविक नावाचं गाव संपवायचं असतं, कारण हिटलरचा तसा हुकूम होता आणि तो अर्धवट राहिला होता. मग मार्टिन काय करतो? नाझींनी मारलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांची सामूहिक कबर शोधतो आणि त्यांनाच उठवतो. मेलेले विरुद्ध मेलेले. असा सगळा कारभार.

आमच्या ओसरीवर यावर तीन मतं पडली. चुलतभाऊ म्हणाला, "एक नंबर. पहिल्यापेक्षा भारी." त्याला रणगाडा आवडला. मी जरा पुण्याची हवा लागलेला, म्हणालो, कमी बजेटमध्ये मेकअप बरा केलाय, पण अमेरिकेहून आलेली ती झोंबी मारणारी तीन पोरं उगाच घुसडलीत आणि आतड्यांचे विनोद फार झाले. जगभरातल्या प्रेक्षकांचं भांडण साधारण याच दोन मतांमध्ये असतं: धमाल आहे की अति आहे.

तिसरं मत आजीचं. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर करून म्हणाली, "काय बघलालास रे? कोण हायत ही?" मी म्हणालो, आजी, हे जर्मनीचे सैनिक, लई लोक मारले होते यांनी, आता मेल्यावर भुतं होऊन आलेत. म्हटलं, आपल्याकडच्या रझाकारासारखे समज. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, बघितलं आणि म्हणाली, "ह्याला तोंडच नाही की. रजाकाराला तोंड होतं."

हा भाग त्या एका वाक्यावर आहे.

आधी बघू, नाझी झोंबी आला कुठून. झोंबी मूळचा हैतीचा. तिथल्या समजुतीत झोंबी कुणाला खात नाही. तो गुलाम असतो. मेल्यावरही मालकाच्या शेतात राबणारा, स्वतःची इच्छा नसलेला. ज्या बेटावर माणसं विकत आणून उसाच्या मळ्यात मरेपर्यंत राबवली, तिथली ही भीती आहे: मरूनसुद्धा सुटका नाही. हॉलिवूडनं तो उचलला. १९४३ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच, ‘रिव्हेंज ऑफ द झोंबीज’ आला. त्यातला शास्त्रज्ञ हिटलरसाठी झोंबी सैनिक तयार करत असतो. बनवणारी कंपनी मोनोग्राम, स्वस्तातले पिक्चर झटपट काढण्याबद्दल प्रसिद्ध. म्हणजे नाझी झोंबी जन्मापासूनच कमी बजेटचा. पुढे १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’नं माणसं खाणारा झोंबी रूढ केला. १९७७ च्या ‘शॉक वेव्ह्ज’मध्ये समुद्रातून एसएसचे मेलेले सैनिक वर आले. ब्रिटिश ‘आउटपोस्ट’ आला २००८ मध्ये, त्याचा दुसरा भाग ‘ब्लॅक सन’ २०१२ मध्ये. साचा कधी संपलाच नाही.

का संपत नाही, याचं उत्तर आमच्या कोडिंगच्या भाषेत देतो. नाझी हा व्हिलनचा तयार टेम्पलेट आहे. वर्दी घातली की काम झालं. त्याची बाजू सांगावी लागत नाही. प्रेक्षकाला वाईट वाटत नाही. वर तो झोंबी असेल तर डोकं फोडलं तरी पाप नाही, मेलेलाच तो.

पण इथंच एक मोठा बग आहे. झोंबी म्हणजे स्वतःची इच्छा नसलेला. हुकूम आला की चालणारा. आता आठवा, १९४५-४६ च्या न्यूरेंबर्ग खटल्यात नाझी अधिकारी काय म्हणत होते? आम्ही फक्त हुकूम पाळला. त्या न्यायालयाच्या सनदेत स्पष्ट लिहिलं होतं की वरून हुकूम होता म्हणून कुणी जबाबदारीतून सुटत नाही. म्हणजे न्यायालयानं जो बचाव मान्य केला नाही, तो पिक्चरनं नकळत मान्य केला. नाझीला झोंबी केलं की तो बिचारा काय करणार, त्याला डोकंच नाही! खरा नाझी मात्र सकाळी दाढी करून, पोरांचा मुका घेऊन कामावर जायचा. त्याला डोकं होतं. म्हणून तर गुन्हा.

मात्र ‘डेड स्नो २’ला मी नुसता टाइमपास म्हणणार नाही, कारण त्याच्या मागचा इतिहास खरा आहे. हे गाव, हे डोंगर नॉर्वेच्या उत्तर टोकाला फिनमार्कमध्ये येतात. १९४४ च्या शरद ऋतूत सोव्हिएत फौज पुढं आली तशी जर्मन फौज मागं हटली आणि हटताना तिनं तो अख्खा मुलूख जाळत नेला. घरं, होड्या, धक्के, सगळं. सुमारे ५० हजार लोकांना जबरदस्तीनं हलवलं, कित्येक हजार लोक गुहांत आणि झोपड्यांत लपून राहिले. आणि ते सोव्हिएत कैदी? जर्मनांनी सुमारे एक लाख सोव्हिएत युद्धकैदी नॉर्वेत आणले, रस्ते आणि रेल्वे बांधायला. १३ हजारांवर तिथंच मेले. उपासमार, थंडी, गोळ्या.

पुढची गोष्ट पिक्चरपेक्षा विचित्र आहे. १९५१ मध्ये, शीतयुद्धाच्या काळात, नॉर्वेच्या सरकारनं उत्तरेतल्या या कैद्यांच्या कबरी खरोखर उकरल्या. कबरींना भेट द्यायच्या निमित्तानं सोव्हिएत हेर येतील, ही भीती. हजारो मृतदेह काढून त्योट्टा नावाच्या बेटावर एकत्र पुरले. त्यावर नॉर्वेतही लोक चिडले होते. म्हणजे जे मेले ते विस्मरणात गेले, वर जागेवरूनही उठवले गेले. आता विरकोलाचा पिक्चर परत बघा. नायक कबर उकरतो आणि ज्यांना सगळे विसरले होते त्यांना उभं करतो. आतड्यांच्या विनोदांमधून हे एवढं तरी येतं. म्हणून माझं मत बदललं. चुलतभाऊ बरोबर होता, दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे. त्याचं कारण रणगाडा नाही, एवढंच.

आता आजीकडे येऊ.

आपल्याकडं, मराठवाड्यात, तसा व्हिलन म्हणजे रझाकार. १७ सप्टेंबरला झेंडावंदन असतं, पण बाहेरच्या लोकांना का ते माहीत नसतं, म्हणून सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र नव्हतो. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. आमचा निलंगा, उदगीर, अहमदपूरचा भाग तर तेव्हा बिदर जिल्ह्यात, तो इकडं आला १९५६ ला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, आणि तो मोडायला रझाकार ही सशस्त्र संघटना होती. गावं लुटली, माणसं मारली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं मे १९४८ चं हत्याकांड आजही सांगतात. लोक सोलापूर, बार्शीकडं सरहद्द ओलांडून पळाले.

आणि या संघटनेचा प्रमुख कासीम रझवी कोण होता? लातूरचा वकील. आपल्या लातूरचा. कोर्टात काळा कोट घालून उभा राहणारा, पक्षकारांची कागदपत्रं वाचणारा, शिकलेला माणूस. आपण जसं ट्यूशनला लातूरला जातो, तशी तेव्हाची माणसं खटल्यासाठी लातूरला जायची. कुणी त्याच्याकडंही गेलं असेल. आजी म्हणते ते तोंड हे.

मी सातवीत असताना मुक्तिसंग्रामदिनाच्या नाटकात रझाकार झालो होतो. बजेट शून्य. मामाची खाकी पँट, काजळाची मिशी, लाकडी बंदूक. एंट्रीला शिट्ट्या पडल्या. मला एकच डायलॉग होता आणि तो मी ओरडून म्हटला. रझाकार कुठून आला, का आला, तो कुणाचा कोण होता, हे नाटकात नव्हतं. शेवटी भारतीय सैन्य आलं, मी मेलो, टाळ्या. आमचा पण झोंबीपटच होता तो. रझाकारांवर पुढं खरे पिक्चरही आले, २०१५ मध्ये मराठीत, २०२४ मध्ये तेलुगूत. ते बघून कुणाचं रक्त उसळलं, कुणी म्हणालं हे एकतर्फी आहे. पण बघताना मी आता एकच गोष्ट तपासतो: यात तोंड आहे का?

कारण तोंड दिसलं की गोष्ट अवघड होते. उदाहरणार्थ शोएबुल्ला खान. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. रझाकारांच्या विरोधात, भारतात विलीन होण्याच्या बाजूनं लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कामावरून घरी येताना त्याला मारलं. एक मुसलमान पत्रकार. आमच्या नाटकात तो नव्हता.

आणि नाटक जिथं संपलं, तिथं इतिहास संपत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज आत आली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आपले जुने लोक याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. त्यानंतर काय झालं हे बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर नव्हता. समितीच्या अंदाजानं ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुसंख्य मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. म्हणजे आपणच. लातूर शहराबद्दल त्यात लिहिलंय की मारामारी वीस दिवसांहून जास्त चालली. हा अंदाज आहे आणि आकड्यांवर वाद आहेत. पण रझाकारांनी केलं ते खरं म्हणून हे खोटं होत नाही, आणि हे खरं म्हणून ते पुसलं जात नाही.

त्या रात्री पिक्चर संपल्यावर मी आजीला विचारलं, तू बघितलास का रझाकार? ती तेव्हा सात-आठ वर्षांची. म्हणाली, "बघितला की. ओळखीचा होता. म्हणून तर भ्याव वाटायचं. अनोळखी चोराला काय भ्यायचं, तो एकदा येऊन जातो." थोडा वेळ शेंगांचाच आवाज. मग स्वतःहून म्हणाली, "आपल्या गल्लीत एक शिवणारा होता. माझं परकर-पोलकं त्यानंच शिवल्यालं. तो न्हवता त्यांच्यात. ॲक्शन झाली आन् त्याचं घर रिकामं."

"कुठं गेला?"

"कुणी इचारलं न्हाई."

"तुम्ही पण नाही?"

"मी लेकरू होते." आणि जरा थांबून, "मोठी झाल्यावरबी न्हाई इचारलं."

चुलतभाऊ फोन बंद करून ऐकत होता. एरवी आजी बोलायला लागली की तो इअरफोन घालतो.

तर मंडळी, नाझी झोंबींचे पिक्चर बघा, बिनधास्त बघा. मीही बघणार, तिसरा भाग आला तर पहिल्या दिवशी. आमच्या डोंबिवलीत घडणारा ‘झोंबिवली’ही मी थेटरात दोनदा बघितला होता. फक्त पिक्चरमधला राक्षस बघून झाल्यावर एक काम करा. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांच्याशेजारी बसा आणि विचारा, ‘रझाकाराच्या सालात’ काय झालं होतं? आणि ॲक्शननंतर काय झालं? दोन्ही प्रश्न विचारा, एकच नको. फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. ही माणसं आता फार राहिली नाहीत, आणि यांचा बॅकअप कुठंच नाही.

मी आजीचं पाऊण तास रेकॉर्डिंग केलंय. त्या शिवणाऱ्याचं नाव तिला आठवत नाही. पोलक्याचा रंग आठवतो. हिरवा.

भेटू पुढच्या भागात.