मणिबेली ते वॉशिंग्टन

देशातून पाहुणे आले की आपण त्यांना हौसेने वॉशिंग्टनला नेतो, व्हाइट हाउससमोर फोटो काढतो. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, एच स्ट्रीटवर, जागतिक बँकेची कचेरी आहे. तिकडे सहसा कुणी वळत नाही. पण सातपुड्यातल्या मणिबेली गावाचे भवितव्य एके काळी या इमारतीतही ठरत होते, हे आपल्या इथल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडितात येणारे महाराष्ट्रातले पहिले गाव. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून नंदुरबारमध्ये आले. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. त्यात महाराष्ट्राला विजेचा २७ टक्के वाटा मिळाला आणि राज्याची ३३ गावे बुडिताखाली आली. गुजरातचा दावाही न्यायाचाच होता. कच्छ-सौराष्ट्राच्या तहानलेल्या माणसाला पाणी नको, असे कोण म्हणेल? वाद होता तो किंमत कोणी मोजायची याचा. लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन कबूल केली होती. पण पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्या अनेक आदिवासींच्या नावावर सातबाराच नव्हता. सरकारदप्तरी ते अतिक्रमणदार ठरले.

जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. १९८९ मध्ये मेधा पाटकर वॉशिंग्टनला आल्या आणि अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे त्यांनी साक्ष दिली. बँकेच्या भांडवलात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा, त्यामुळे या साक्षीला वजन होते. पुढे १९९१ मध्ये बँकेने माजी काँग्रेस सदस्य ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. आहे त्या परिस्थितीत सर्वांचे पुनर्वसन शक्य नाही आणि पर्यावरणाचा नीट विचार झालेला नाही, असे समितीने १९९२ मध्ये स्पष्ट सांगितले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज घेण्याचे नाकारले. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ स्थापन केले.

धरण मात्र थांबले नाही. विस्थापितांना जमीन द्यायची म्हणून तळोद्याचे जंगल मोकळे करण्यात आले, आणि त्या जंगलात आधीपासून शेती करणारेही आदिवासीच होते! निसर्ग वाचवायचा की न्याय करायचा, असा हा पेच वरवर दिसतो. प्रत्यक्षात दोन्हींचे बिल एकाच माणसाच्या नावे फाडले गेले.

धरण २०१७ मध्ये पूर्ण झाले. कच्छपर्यंत पाणी पोचले, हेही खरे. वनजमीन कसणाऱ्यांचा हक्क मान्य करणारा कायदा संसदेने २००६ मध्ये केला. मणिबेलीच्या घरांत पाणी शिरले ते १९९३ च्या पावसाळ्यात. पृथ्वीच्या मर्यादा सांभाळण्यासाठी आज जगभर नवे प्रकल्प आखले जात आहेत. त्यांना मणिबेली एकच गोष्ट शिकवते: आधी माणसाच्या हक्काची नोंद, मग भिंतीचा पाया.