वाचकांची वर्गणी आणि ग्रंथकार

बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दरवाजे होते: पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट आणि पूर्वेस पाणीगेट. पाणीगेटाबाहेर वाघोडियाचा मार्ग लागतो. आत शिरून सरळ गेले की मांडवी येते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली स्थापिलेले मध्यवर्ती ग्रंथालय याच मांडवीजवळ आहे. पुस्तकाचा खर्च कोणी सोसावा, या जुन्या प्रश्नाची दोन उत्तरे या संस्थानात एकाच काळात दिली गेली.

पहिले उत्तर राजाश्रयाचे. महाराजांनी मराठी व गुजराती ग्रंथांसाठी निधी काढून ठेवला आणि श्रीसयाजी साहित्यमाला सुरू झाली. अनेक उपयुक्त ग्रंथ तिच्यामुळे प्रकाशात आले. परंतु राजा कितीही उदार असो, थैली एकाची असली म्हणजे निवडही एकाचीच राहते.

दुसरे उत्तर कोटाबाहेरच्या खेड्यांत सापडते. बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या आणि मोतीभाई अमीन यांच्या खटपटीने गावोगाव वाचनालये निघाली. त्यांचा नियम मोठा शहाणपणाचा होता. गावकऱ्यांनी आधी वर्गणी जमवावी. मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी. लहान गावासाठी ही मर्यादा वर्षाला १०० रुपयांची होती. सरकारचा रुपया हलण्यापूर्वी वाचकाचा रुपया पुढे यावा लागे. नुसते दान मिळाले असते, तर यांतील कित्येक कपाटांना धूळच लागली असती.

बडोद्याच्याच साहाय्याने अमेरिकेत शिकलेल्या एका विद्वानाने पुढे याहून मोठे धाडस केले. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेले श्रीधर व्यंकटेश केतकर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कामाला लागले. एवढ्या ग्रंथाचा भार उचलील असा प्रकाशक मराठीत कोठून असणार? केतकरांनी नागपुरास ज्ञानकोश मंडळ नावाची लिमिटेड कंपनीच काढली. भाग विकावयाचे, ग्राहकांकडून आगाऊ पैसे घ्यावयाचे आणि त्या बळावर लेखकांना व छापखान्याला पोसावयाचे, असा हा प्रकार. ग्रंथाची एक ओळही छापलेली नसताना लोकांनी त्यावर पैसे लावले, ही गोष्ट ज्ञानकोशाच्या विद्वत्तेइतकीच नवलाची आहे. पहिला खंड १९२० साली निघाला आणि त्याच दशकात २३ खंड पुरे झाले. वर्गणीदारांचे पैसे सार्थकी लागले. केतकरांचे अखेरचे दिवस मात्र ओढगस्तीतच गेले. १९३७ साली ते वारले. वर्गणी ग्रंथ तडीस नेते. पुढे ग्रंथकाराच्या चुलीचे काय, ही चिंता ती वाहत नाही.

याच वाटेने १९७०-८० च्या दशकात मुंबईत ग्रंथाली ही वाचक चळवळ निघाली. दिनकर गांगल, अरुण साधू, कुमार केतकर आदी मंडळी तिच्यामागे होती. सभासदांनी पैसे आधी भरावयाचे आणि पुस्तके सवलतीत घ्यावयाची. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली या चळवळीतून आले. गल्ल्याकडे पाहूनच पुस्तके निवडणाऱ्याने अशा आत्मकथनांचा धोका पत्करला असता की नाही, याची शंकाच आहे.

आज महाजालावर अवाढव्य दुकाने आहेत. पुस्तक विकले गेले की ती आपला वाटा कापून घेतात. ते लिहिले जात असताना मात्र त्यांची थैली बंद असते. लेखकाच्या लिहिण्याच्या महिन्यांत उपयोगी पडते ती लोकवर्गणी. २०२२ साली ब्रँडन सँडरसन या अमेरिकन कादंबरीकाराने चार पुस्तकांसाठी महाजालावरून वाचकांना हाक दिली आणि ४ कोटी १० लाख डॉलरांहून अधिक रक्कम गोळा झाली. तो आधीच नावाजलेला, ही गोष्ट खरी. नवख्या मराठी लेखकाला दोनतीनशे वर्गणीदार मिळाले, तरी पहिल्या आवृत्तीच्या कागदाची आणि छपाईची मोठी चिंता मिटते. ती यादी जमवावयास केतकरांना माणसे गावोगाव पाठवावी लागली होती.