लादीपाव, खिमा आणि आंबेगावची पंगत

एका पत्र्यात शेजारीशेजारी ठेवून भाजलेले आणि कडांनी एकमेकांना चिकटलेले पाव म्हणजे लादी. कणकेचे गोळे पत्र्यात अगदी जवळजवळ मांडतात. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात, बाजूंना भट्टीची थेट आच लागत नाही आणि तिथे कवच धरत नाही. त्यामुळे पावाचा माथा तांबूस, तळ किंचित कडक आणि बाजू मऊ पांढऱ्या राहतात. लादी सहाची, आठची किंवा बाराची असते. बेकरीगणिक हिशेब बदलतो. ती न मोडता आडवी कापली, खालच्या थरावर शिजवलेला खिमा पसरला, वरचा थर ठेवून लोणी लावले आणि सगळे पुन्हा भट्टीत घातले की एका वेळी डझनभर छोटी सँडविचे तयार होतात. अमेरिकेत यांना स्लायडर म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, मंचरजवळच्या अवसरी बुद्रुकसारख्या गावात वाढदिवसाला किंवा साखरपुड्याला असा पदार्थ करायचा ठरला, तर त्यातली एकही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. पाव इथे पिढ्यान्‌पिढ्या येतो आहे आणि मटण तर यात्रेच्या जेवणाचा प्राण आहे. दोन्ही एकत्र यायला मात्र बराच काळ जावा लागला.

अमेरिकेतला छोटा बर्गर १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात व्हाइट कॅसल या दुकानाने लोकप्रिय केला. किंमत पाच सेंट, आकार चौकोनी, आणि मांस कांद्याच्या वाफेवर शिजवलेले. भाजलेल्या स्लायडरला लागणारी गोडसर, जोडीव पावांची लादी मात्र वेगळ्या वाटेने आली. १८७८ पासून मदेइरा आणि अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांत गेले आणि त्यांनी आपला गोड पाव सोबत नेला. त्याच चवीचा पाव हिलो गावात रॉबर्ट तैरा या जपानी वंशाच्या बेकरीवाल्याने १९५० मध्ये विकायला सुरुवात केली. पुढे किंग्ज हवायन या नावाने तो साऱ्या अमेरिकेत पोचला. म्हणजे हवाईच्या लादीचे आणि मुंबईच्या लादीचे मूळ घराणे एकच, पोर्तुगीज. एक शाखा पॅसिफिकमध्ये गेली, दुसरी तिच्या तीन शतके आधी कोकणपट्टीवर उतरली होती.

गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्यांना पाव रोजच्या जेवणाला लागे आणि चर्चमधल्या विधीलाही गहूच लागे. तांदूळ पिकवणाऱ्या किनाऱ्यावर गहू बाहेरून येई आणि खमीर मिळत नसे. तोडगा माडावर सापडला: ताजी सूर, म्हणजे माडी, कणकेत घातली की पीठ आंबून फुगते. सासष्टीतल्या माजोर्डे गावाला जेझुइटांनी पहिल्यांदा ही विद्या दिली अशी गोव्यात परंपरा आहे. पुढे पदेराचा, म्हणजे पाव भाजून विकणाऱ्याचा, स्वतंत्र धंदाच झाला. लाकडावर तापणारी विटांची भट्टी, लांब दांड्याचे लाकडी फावडे, पहाटेची फेरी आणि पोंपों वाजणारा भोंगा ही त्याची ओळख. पाव, पोई, उंडो, काकणां असे कितीतरी प्रकार त्याच्या टोपलीत असतात. रोजच्या जेवणात पाव तिथे सहजपणे बसला. गोव्यात मांसाची आणि पावाची घट्ट जोडी जमली. तिथल्या ख्रिस्ती घरांत बटाट्याच्या पारीत बीफचा खिमा भरून पोटॅटो चॉप करतात, आणि मडगाव-पणजीच्या गाड्यांवर रव्यात घोळून तळलेले कटलेट पावात घालून देतात.

वसई १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातही सणाला सुरेवर फुगवलेल्या पिठाचे फुगे होतात. पण किनाऱ्यापासून आत देशावर पावाची ख्याती निराळीच होती. पाव म्हणजे बाटण्याचे साधन. विहिरीत पाव टाकला की तिचे पाणी पिणारे अख्खे गाव बाटले, अशा गोष्टी आजी-आजोबांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. या गोष्टींमागे धर्मांतराच्या काळातली खरीखुरी भीती होती. तिला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. चूल, पाणी आणि अन्न यांवर जात उभी होती आणि पाव हे परक्या हातचे, आंबवलेले, शिजवलेले अन्न होते.

म्हणूनच बंडखोरांनी नेमका पावच हाती घेतला. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदींनी परमहंस सभा काढली. ती गुप्त होती. जातिभेद मानत नाही हे दाखवण्यासाठी ख्रिस्ती भटारखान्यात भाजलेला पाव खाणे हा तिच्या दीक्षेचा भाग होता. पुढे सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याच्या धास्तीने सभा मोडली. चाळीस वर्षांनी पुण्यात तोच ताण बिस्किटांवरून उफाळला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांच्या पाहुणचाराला रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी मंडळी हजर होती. गोपाळराव जोशी यांनी नावे छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद बरीच वर्षे चालला. एका बिस्किटाने पुण्यातल्या विद्वानांची झोप उडावी, तिथे आंबेगावच्या वाड्यांवर पाव सहज खाल्ला जाणे शक्यच नव्हते.

ही अढी ग्रंथांनी सुटली नाही, ती गिरणीने सोडवली. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि कोकण, सातारा, पुणे जिल्ह्यांतून माणसे गिरणगावात आली. आंबेगाव तालुका त्यात मागे नव्हता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे आणि मुंबईत गिरणीकामगार होते. पाळीवर जाणाऱ्या एकट्या माणसाला चूल नव्हती. खानावळीचे जेवण दोन वेळचे; मधल्या भुकेला चहा आणि पाव. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे कोणाची जात कोणी विचारत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेल्या या इराणी लोकांनी मुंबईत आणि मग पुण्यात हॉटेले आणि बेकऱ्या थाटल्या. मुंबईचे कयानी १९०४ चे, पुण्याच्या डेक्कनवरचे गुडलक १९३५ चे आणि ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची. इराणी हॉटेलांत मस्का लावलेल्या बनाबरोबर खिमा-पावही मिळे. कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची आणि थोडे टोमॅटो घालून परतलेला कोरडसर खिमा, वर लिंबू, बाजूला गरम पाव. सुट्टीत गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत खारी, बटर आणि पाव येऊ लागले. दादर स्टेशनाबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव एकत्र विकायला घेतले, आणि त्यानंतर पावाला मराठी म्हणवून घेण्यासाठी कोणाचीही परवानगी लागली नाही. १९६५ मध्ये सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली, तो काळही हाच. पण गावांना कागदात गुंडाळलेल्या स्लाइसपेक्षा जवळच्या बेकरीची लादीच प्यारी राहिली.

दुसरीकडे आंबेगाव-जुन्नरच्या स्वयंपाकघरात मांसाचा स्वतःचा रिवाज होता. रोजचे जेवण बाजरीची भाकरी, कालवण, कांदा. पाहुण्यांसाठी मासवडी, म्हणजे बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून वळलेली वडी आणि झणझणीत रस्सा. नावात मासा असला तरी पूर्ण शाकाहारी. बोकड मात्र ग्रामदैवताच्या यात्रेला, कंदुरीला, नवसाला. बाकीच्या दिवसांत चार-पाच घरे मिळून बोकड घेत आणि वाटे घालत. प्रत्येक वाट्यात थोडे हाड, थोडी चरबी, थोडे मऊ मांस असे समान पडेल याकडे जाणत्याचे लक्ष असे. त्या मटणाचा रस्साच होई, कारण रस्सा पुरवता येतो. खिमा ही शहरातली चैन: हाडाविना मांस, ठोकळ्यावर सत्तूरने बारीक केलेले, मोजक्या माणसांसाठी. म्हणून खिमा गावात उशिरा आला, खाटकाच्या दुकानात यंत्र आले तेव्हा.

बीफचा प्रश्न मूळ अमेरिकी पाककृतीमुळे येतो, म्हणून त्याची नोंद हवी. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. म्हैसवर्ग बाहेर राहिला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगण्यावरचे कलम रद्द केले. आंबेगावच्या पंगतीत मात्र खिमा म्हटले की बोकडाचा, नाहीतर कोंबडीचा. चवीच्या दृष्टीने यात काही गमावल्यासारखे नाही. बोकडाच्या खिम्याला गरम मसाला आणि हिरवी मिरची जितकी मानवते, तितकी बीफला मानवत नाही.

भट्टीची सोय गावाला नवी नाही. दिवाळीच्या आधी नानकटाईचे पीठ मळून डबे घेऊन बायका बेकरीत जातात, तिथले पत्रे मागून घेऊन त्यावर गोळे मांडतात आणि भाजून आणतात. ही पद्धत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आणि शहरांत आहे. घरी ओव्हन नसताना भाजण्याची कला ज्या बायकांनी टिकवली, त्यांनाच या नव्या पदार्थाचे तंत्र चटकन कळते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि घट्ट झाकण, हाही उपाय चालतो.

यातला नाजूक भाग खिम्याचा ओलावा. अर्धा किलो खिम्याला बाराची लादी पुरते. कांदा तांबूस करून, आले-लसूण परतून त्यात खिमा मोठ्या आचेवर सुटा करायचा. पाणी सुटले की ते पूर्ण आटवायचे. शेवटी काळा मसाला, कोथिंबीर. खिमा गार होऊ द्यायचा, कारण गरम भरला तर वाफेने तळ भिजतो. लादीचा खालचा थर आधी दोन-चार मिनिटे तव्यावर शेकून घ्यावा. मग खिमा, चीज असेल तर तेही, वरचा थर, आणि माथ्यावर लसूण घातलेले पातळ लोणी. १८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पहिली दहा मिनिटे वर फॉइल झाकले तर माथा करपत नाही आणि चीज वितळते. बाहेर काढल्यावर पाच मिनिटे थांबून सुरीने जोडांवर खाच द्यायची, म्हणजे पाव न तुटता सुटतात.

आंबेगावात माळकरी घरे बरीच आहेत आणि एकाच पंगतीत खाणारे-न खाणारे दोघेही बसतात. त्यांच्यासाठी मासवडीचेच तीळ-खोबऱ्याचे सारण, थोडे बेसन भाजून घट्ट केलेले, दुसऱ्या लादीत भरावे. ती लादी आधी भाजून बाजूला काढायची, तिचा पत्रा आणि सुरी वेगळी ठेवायची, आणि खिम्याची मागाहून भट्टीत घालायची.