क्यू, क़ाफ आणि चिखला

शब्दांच्या खेळात मुरलेल्या माणसालाही इंग्रजीतील 'क्यू' या अक्षराची थोडी धास्ती असते. स्क्रॅबलच्या इंग्रजी संचात या अक्षराची सोंगटी एकच, आणि तिचे गुण दहा. ती हाती यावी आणि जोडीला 'यू' नसावा, म्हणजे खेळणारा अडलाच. म्हणून 'यू'वाचून चालणाऱ्या क्यूच्या शब्दांच्या याद्या हौशी मंडळी पाठ करून ठेवतात: क़ादी, किब्ला, फकीर, बुर्का, तलाक, कव्वाली. इंग्रजी वाचकाच्या लेखी या साऱ्या कोशाच्या कोपऱ्यात जपून ठेवलेल्या दुर्मीळ चिजा. मराठी वाचकाने ती यादी वाचली तर मात्र त्याला हसू येईल. काझी, फकीर, बुरखा, तलाक हे त्याच्या बोलण्यातले शब्द आहेत. त्यांत नवल ते काय?

एका भाषेतले अप्रूप दुसऱ्या भाषेत रोजचे चलन कसे होते, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी मी एक लहानसे गाव निवडले आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, तुमसर-तिरोडी या रेल्वेच्या फाट्याच्या परिसरात, चिखला नावाचे गाव आहे. तेथे मँगनीजची खाण आहे, आणि वैदर्भी बोलीत सांगायचे तर 'खदान' आहे. शेजारी डोंगरी बुजुर्ग आणि सितासावंगी. खाण मॉइल या सरकारी कंपनीची. ही कंपनी १९६२ साली स्थापन झाली आणि १९७७ साली पूर्णपणे सरकारी झाली. कंपनीच्या इंग्रजी कागदांत गावाचे नाव 'चिकला' असे पडते. 'ख'मधला महाप्राण इंग्रजीत गळाला, आणि त्याची कोणी फारशी खंत केली नाही. असाच एक ध्वनी मराठीनेही गाळला आहे. त्याची गोष्ट मात्र बरीच जुनी आहे.

फिनिशियन लिपीत 'क़ोफ' नावाचे एक अक्षर होते. घशाच्या अगदी आतून, पडजिभेपाशी उमटणाऱ्या 'क'सारख्या ध्वनीचे ते चिन्ह. ग्रीकांनी फिनिशियनांकडून लिपी घेतली तेव्हा हे अक्षरही आले. पण त्यांच्या भाषेत तो ध्वनी नव्हता. हळूहळू त्यांनी ते लेखनातून वगळले आणि ९० या संख्येचे चिन्ह म्हणून तेवढे ठेवले. इट्रुस्कन आणि रोमन लोकांनी मात्र ते टाकले नाही. एकाच 'क' ध्वनीसाठी आरंभीच्या लॅटिनमध्ये तीन अक्षरे होती, आणि कोणते वापरायचे हे पुढच्या स्वरावर ठरे. त्या वाटणीत हे अक्षर 'उ'च्या वाट्याला गेले. क्यूच्या पाठीला 'यू' चिकटला तो असा. इंग्लंडात १०६६ नंतर नॉर्मन वळणाच्या लेखनिकांनी जुन्या इंग्रजीतील 'क्व'चे लेखन याच जोडीने करायला सुरुवात केली, आणि राणीसाठी असलेला इंग्रजी शब्दसुद्धा या अक्षराखाली गेला.

त्याच क़ोफची दुसरी शाखा अरमाईमार्गे अरबीत गेली आणि 'क़ाफ' झाली. तेथे अक्षराबरोबर ध्वनीही टिकला. म्हणजे क्यू आणि क़ाफ ही एकाच घरातील, फार पूर्वी वेगळी झालेली भावंडे होत. दोघांच्याही वंशजांची गाठ पुढे चिखल्यासारख्या गावी पडली, हे त्यांच्या इतिहासातले मला सर्वांत लक्षणीय वाटणारे वळण आहे.

आधी क्यू पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यप्रांतात मँगनीजच्या खाणी वाढू लागल्या, तेव्हा भूवैज्ञानिकांची परिभाषा येथे आली. त्या परिभाषेतील 'क्वारी', म्हणजे दगडाची उघडी खाण, हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला असून त्याचे मूळ लॅटिनमधील 'चौकोन' या अर्थाच्या शब्दात आहे. दगड घडवून चौरस करायचे ते ठिकाण. गंमत अशी की तसाच लिहिला जाणारा, पण 'शिकारीचे सावज' या अर्थाचा दुसरा 'क्वारी' शब्द पूर्णपणे वेगळ्या, कातड्याशी संबंधित फ्रेंच शब्दावरून आला. दुसरा शब्द 'क्वार्ट्झ'. तो जर्मनमधून आला आणि त्यामागे बहुधा 'कठीण' या अर्थाचा स्लाव शब्द आहे. आपल्याकडे त्याला गारगोटी हा साधा शब्द होताच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मोर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांनी बनलेल्या येथील खडकाला त्यांनी गोंडांच्या नावावरून 'गोंडाइट' असे नाव दिले. गोंड जमातीचे नाव जगभरच्या भूशास्त्रीय कोशांत गेले, पण गेले ते एका दगडाचे नाव म्हणून.

आता क़ाफ. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला. नागपूर वसवण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. त्यानंतर भोसले आले, आणि १८५३ साली तिसरे रघूजी वारल्यावर कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. राजे बदलत गेले, पण वसुलीची आणि दफ्तराची बोली फारसी वळणाचीच राहिली. तिच्यातून आलेल्या अरबी शब्दांपैकी किती शब्दांत क़ाफ आहे ते पाहावे: कायदा, कबजा, करार, कर्ज, कौल, कसबा, नकाशा, नक्कल, हक्क, मुक्काम, मुकादम. मराठी तोंडात तो कंठमूळचा ध्वनी बसत नव्हता, आणि देवनागरीत किंवा मोडीत त्याला वेगळे अक्षर नव्हते. हिंदीने पुढे नुक्ता देऊन 'क़' लिहिला. मराठीने तेवढाही सोपस्कार केला नाही. बहुतेक ठिकाणी त्याचा 'क' झाला, 'बुरखा'त 'ख' झाला, आणि शेतकऱ्याला मिळणाऱ्या 'तगाई'त 'ग' झाला. तगाई आणि कुवत यांचे अरबी धातू एकच आहे, 'बळ' या अर्थाचे. आज ते नाते ऐकू येत नाही, कारण एकाच ध्वनीची दोन वेगळी रूपे झाली.

यांतील 'मुकादम' या शब्दाचा प्रवास विशेष पाहण्याजोगा आहे. मूळ अर्थ 'पुढे ठेवलेला', म्हणजे अग्रणी. 'कदम' म्हणजे पाऊल हा शब्द त्याच धातूचा. मराठी कागदपत्रांत 'मोकदम' म्हणजे गावचा पाटील. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही तो इंग्रजी वेशात सापडतो, पण तेथे त्यात क्यू नाही. तोवर इंग्रज कानाने ऐकून लिहीत. असे शब्द क्यूने लिहिण्याची रीत रूढ झाली ती पुढे, अरबी लिपीशी एकास एक जुळणाऱ्या विद्वत्तापूर्ण लिप्यंतरामुळे. म्हणजे त्या शब्दांचे 'दुर्मीळ'पण बऱ्याच अंशी लेखनातून आलेले आहे. मराठीत मात्र मुकादम पाटीलकीवरून उतरत ऊसतोडीवर, बांधकामावर, खदानीवर मजूर जमवणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा माणूस झाला.

दोन्ही भावंडांची प्रत्यक्ष भेट व्हायची ती 'क्विंटल' या शब्दात. लॅटिनमधील 'शंभर'वरून एक शब्द ग्रीकमार्गे अरबीत गेला आणि क़ाफ घेऊन 'क़िंतार' झाला. अरबीतून तो मध्ययुगीन लॅटिनमध्ये परतला तो क्यू घेऊन. भारतात दशमान वजनांचा कायदा १९५६ साली झाला आणि मण व खंडी यांच्या जागी शंभर किलोंचा क्विंटल आला. आज भंडाऱ्याचा शेतकरी धानाचा भाव क्विंटलवरच विचारतो. क्यूचा इतका भ्रमंती केलेला शब्द त्याला अप्रूपाचा वाटत नाही, आणि वाटू नये हेच बरोबर आहे.

मराठीत शब्दांच्या कुळाचा वाद जुना आहे. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' रचला गेला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव जूलियन यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. या वादात दोन्ही पक्षांनी शब्द कोठून आला हे विचारले. तो येथे कोणते काम करतो, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. 'मुक्काम', 'कायम' आणि 'किंमत' हे तिन्ही शब्द 'उभे राहणे' या एकाच अरबी धातूचे आहेत. कोणत्याही खाणकामगाराच्या आयुष्यातील तीन मोठे प्रश्न तेच: मुक्काम कोठे, नोकरी कायम की कंत्राटी, आणि श्रमाची किंमत किती. तसेच 'हक्क' आणि 'हकीकत' एका धातूचे; जे खरे आहे तेच ज्याचे त्याला मिळायला हवे, असा अर्थ त्या नात्यात आहे. हे शब्द परके म्हणून काढले तर त्या प्रश्नांची भाषा आपण कोठून आणणार? आणि ते आपले मानून त्यांचे मूळ विसरलो, तरी तोटा आपलाच.

जाता जाता एक गोष्ट. जॉर्ज ब्यूलर यांनी १८९५ साली ब्राह्मी लिपीचे मूळ सेमिटिक अक्षरांत दाखवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मांडणीत ब्राह्मीचा 'ख' हा क़ोफपासून झालेला आहे. ही उपपत्ती सर्वमान्य नाही, ब्राह्मी स्वतंत्रपणे घडली असे मानणारेही आहेत. पण ब्यूलर बरोबर असतील तर क़ोफची एक तिसरी शाखाही या गावी आधीपासून होती, 'चिखला' या नावाच्या मधोमध. इंग्रजी कागदाने नेमका त्या अक्षरातला महाप्राण गाळला. असो. क्यूच्या शब्दांची यादी पाठ करणाऱ्याने एकदा आपल्या सातबाराच्या उताऱ्याकडे किंवा मजुरीच्या कराराकडे पाहावे. कोशातले दहा गुणांचे शब्द तेथे बिनगुणांचे, पण बिनकामाचे नसलेले, दिसतील.