दौंडचा गेज आणि मामाच्या लग्नाची कॅसेट

परवा मामेभावानं एक फाईल पाठवली. मामाचं लग्न, शिरूर, १९९३. व्हीएचएस कॅसेट एका दुकानात देऊन त्यानं 'कन्व्हर्ट' करून घेतली होती. उत्साहानं उघडली तर काय, वरपिता म्हणून ऐटीत मांडवाकडे निघालेले आजोबा उचकी लागल्यासारखे चालतायत! आजोबा आता नाहीत. त्यांचं चालतं-बोलतं चित्रण एवढंच.

झालं, शनिवार गेला :)

आजोबा दौंडला रेल्वेत होते. ते सांगायचे, दौंड-बारामती लाईन तेव्हा नॅरोगेज. मोठ्या लाईनीवरचा डबा त्या रुळांवर जायचा नाही. माल उतरवायचा, पुन्हा भरायचा. त्यात एखादं पोतं फुटायचंच. व्हिडिओचंही अगदी तसंच आहे.

टीव्हीचा गेज ठरवला विजेनं. युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ चित्रं. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. विजेशी ताल जमला की पडद्यावर पट्टे सरकत नाहीत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ३० (१९५३ मध्ये रंग आल्यावर चक्क २९.९७!). आपली वीज ५० वाली. त्यामुळे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते ६२५ ओळी आणि २५ चित्रांवर. १९८२ मध्ये रंग आला तोही 'पाल' पद्धतीनं, म्हणजे त्याच मापात.

सिनेमाचा गेज आणखी वेगळा, २४ चा. पाल टीव्हीवर तो सर्रास २५ नं पळवत. दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं आधी संपायचा, आणि आवाज किंचित चढा. आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आलं होतं?

तर सांगायचा मुद्दा असा, की दुकानदारानं मामाचं लग्न २५ वरून ३० वर नेलं. सेकंदाला पाच चित्रं कमी पडली, ती सॉफ्टवेअरनं आधीचीच पुन्हा दाखवून भरली. ही ती उचकी. वर प्रत्येक चित्राचा एक हप्ता फेकून दिला. ५७६ ओळींतल्या २८८ च उरल्या. पोतं फुटलं ते इथे.

फाईलमधून ते परत मिळत नाही. मामेभावाला फोन केला, "कॅसेट कुठंय?" म्हणाला, "भंगारात काढून ठेवलीय, उद्या देणार." तसाच गाडी काढून दौंडला गेलो.

ह्यावेळी आधी जसंच्या तसं, २५ नं आणि दोन्ही हप्त्यांसकट उतरवून घेतलं. ती प्रत आता कुणी बदलायची नाही. मग तिच्यावरून यूट्यूबसाठी वेगळी, ५० अखंड चित्रांची. उद्या चॅनेलला द्यायची वेळ आली तर मूळ प्रतीवरून तिसरी करू. यूट्यूबही हेच सांगतं: इंटरलेस काढा, पण मूळ रेट बदलू नका.

आईला दाखवलं. म्हणाली, "अण्णा असेच चालायचे."

असो. माळ्यावरची कॅसेट फेकण्याआधी एवढं लक्षात ठेवा.