जुना डेस्कटॉप चालू होत नाही? दुकानात नेण्याआधी या गोष्टी तपासा, आणि हिशेब आधी वाचवा

दूध संकलन केंद्र, विकास सोसायटी, शाळा, कृषी सेवा केंद्र अशा ठिकाणी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले डेस्कटॉप अजून कामाला आहेत. एखाद्या सकाळी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की सगळं अडतं. दहा दिवसांच्या दुधाचं बिल त्यातच, खातेदारांची यादीही त्यातच. मग सीपीयूचा डबा गाडीवर बांधून तालुक्याला न्यायचा आणि तिथं ऐकायचं, "मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या."

बऱ्याच वेळा मदरबोर्ड गेलेला नसतो. बिघाड प्लगमध्ये, यूपीएसच्या बॅटरीत, रॅमवर बसलेल्या धुळीत किंवा एका छोट्या बटण सेलमध्ये असतो. आणि मदरबोर्ड खरंच गेला असला तरी हिशेब जात नाही. तो हार्ड डिस्कमध्ये असतो आणि हार्ड डिस्क हा वेगळा भाग आहे. म्हणून घाईने कुणालाही "फॉरमॅट मारा" म्हणू नका.

आधी हे पाळा

डबा उघडायचा असेल तर प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगावरच्या स्थिर विजेने नाजूक भाग खराब होऊ शकतात.

डब्याच्या मागे वायर जिथं लागते ती पत्र्याची पेटी म्हणजे एसएमपीएस. ही पेटी कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात जोराचा झटका बसेल एवढी वीज साठून राहते.

प्रकार १ : काहीच होत नाही, लाईट नाही, पंखा नाही

सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून बघा. मल्टीप्लगचा बोर्ड वापरत असाल तर तो बाजूला ठेवून थेट भिंतीत लावा.

यूपीएस असेल तर त्याला वगळून बघा. लहान यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत कमजोर होते. यूपीएस सारखा बीप करतो किंवा लाईट जाताच सगळं बंद पडतं, तर आधी बॅटरीवर संशय घ्या. थेट भिंतीत लावल्यावर कॉम्प्युटर चालू झाला तर दोष यूपीएसचा, कॉम्प्युटरचा नाही.

पॉवरची वायर दोन्ही टोकांना घट्ट दाबा. मॉनिटरची वायर बहुतेक तशीच असते, ती बदलून बघता येते. एसएमपीएसच्या मागे छोटा काळा स्विच असतो, तो साफसफाई करताना चुकून बंद होतो. काही जुन्या एसएमपीएसला ११५ आणि २३० असं लिहिलेला लाल स्विचही असतो. तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून चालू केलं तर एसएमपीएस जागेवर उडतो.

संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की बल्ब मंद होतात, अशा वेळी काही कॉम्प्युटर सुरूच होत नाहीत किंवा सुरू होऊन बंद पडतात. सकाळी दाब चांगला असताना पुन्हा प्रयत्न करा. सकाळी चालतो आणि संध्याकाळी नाही, तर दोष कमी व्होल्टेजचा किंवा थकलेल्या एसएमपीएसचा.

एवढं करूनही पंखा हलत नसेल तर एसएमपीएस तपासायला द्या. जाणकार मेकॅनिक मदरबोर्डची जोडणी काढून एसएमपीएस एकटा चालवून बघतो, त्याला दोन मिनिटं लागतात. एसएमपीएस गेला म्हणून सगळा कॉम्प्युटर बदलायची गरज नसते.

प्रकार २ : पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

मॉनिटरचा लाईट बघा. "नो सिग्नल" असं दिसत असेल तर मॉनिटर ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही. निळ्या तोंडाची व्हीजीए केबल काढून तिच्या पिना वाकल्यात का बघा, परत बसवून दोन्ही स्क्रू आवळा. डब्याच्या मागे मॉनिटर लावायच्या दोन जागा असतील तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाच्या जागी केबल लावा.

मग कान द्या. चालू होताना डब्यातून बीप आवाज येतो. एकच छोटा बीप म्हणजे बहुतेक ठीक. पुन्हा पुन्हा किंवा लांब बीप आले तर बऱ्याचदा रॅम किंवा ग्राफिक्स कार्डाची तक्रार असते. कंपनीप्रमाणे बीपचा अर्थ बदलतो, म्हणून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून मेकॅनिकला ऐकवा.

रॅम साफ करणं घरी जमतं. प्लग काढा, बाजूचा पत्रा उघडा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. तिच्या खालच्या सोनेरी पट्ट्यांवर पेन्सिलचं स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कोरड्या ब्रशने भुगा झटका. खाचेतली धूळही झटका. पाणी, रॉकेल, ओला कपडा लावू नका. पट्टीतला काप खाचेतल्या उंचवट्यासमोर धरून क्लिप आपोआप बसेपर्यंत दोन्ही बाजूंनी दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, म्हणजे खराब कोणती ते कळतं. नवीन रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर-२ च्या जागी डीडीआर-३ बसत नाही.

डबा उघडला आहे तर आतही नजर फिरवा. उबेला येऊन बसलेली पाल, मुंग्या, उंदराने कुरतडलेली वायर, हे आपल्याकडे नवीन नाही. मदरबोर्डवर छोट्या नळकांड्यांसारखे कॅपॅसिटर असतात. त्यांचं डोकं सपाट हवं. डोकं फुगलेलं किंवा त्यातून तपकिरी चिकट द्रव आलेला दिसला तर फोटो काढून ठेवा. सोल्डरिंग येणारा कारागीर असे कॅपॅसिटर बदलू शकतो.

कॉम्प्युटर चालू होतो पण काही मिनिटांत बंद पडतो, तर प्रोसेसरवरचा पंखा बघा. धुळीने जाम झाला असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो.

प्रकार ३ : अक्षरं येतात, पण विंडोज सुरू होत नाही

स्क्रीनवर जे लिहून येतं त्याचा फोटो काढा. निम्मं निदान त्यात असतं.

"सीमॉस चेकसम एरर" किंवा "प्रेस एफ१" येत असेल आणि तारीख जुन्या सालावर गेली असेल, तर मदरबोर्डवरचा बटण सेल संपला. त्याचं नाव सीआर२०३२, तो ३ व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. जुना काढताना कोणती बाजू वर आहे ते बघून ठेवा. सेल बदलल्यावर तारीख-वेळ लावायला विसरू नका. चुकीच्या तारखेने बिलं छापली जातात आणि अनेक वेबसाईट उघडत नाहीत.

"डिस्क बूट फेल्युअर" किंवा "नो बूटेबल डिव्हाइस" आलं, तर लावलेला पेनड्राइव्ह किंवा सीडी आधी काढा. त्यानंतर प्लग काढून हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढून घट्ट बसवा. तरीही डिस्क दिसत नसेल तर वायर बदलून बघा. डिस्कमधून "टक-टक" किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतली माहिती आणखी खराब होऊ शकते.

हिशेब कसा वाचवायचा

दुकानात पोचल्यावर पहिलं वाक्य असं बोला, "आधी डेटा काढा, मग दुरुस्ती." हार्ड डिस्क काढून यूएसबी जोडणीने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की, डिस्क चांगली असेल तर, फायली कॉपी करता येतात. विंडोज बिघडलं असलं तरी हे होतं.

"फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, काही जात नाही" असं कुणी म्हणालं तर थांबा. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंटमध्ये ठेवलेल्या फायली सी ड्राइव्हमध्येच असतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहितीही बऱ्याचदा तिथंच असते. ती कॉपी झाली, उघडून बघितली, मगच परवानगी द्या.

मदरबोर्ड गेला असं सांगितलं तर दुसरा एसएमपीएस आणि दुसरी रॅम लावून समोर दाखवायला सांगा. बदललेला जुना भाग परत मागा. डबा भंगारात देणार असाल तर हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवा, त्यात सभासदांचे खाते नंबर आणि आधारची माहिती असू शकते.

दुरुस्तीवर किती खर्च करायचा, हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात घ्या. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असा जुना कॉम्प्युटर नोंदी आणि छपाईला चालेल, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

पुन्हा अडचण येऊ नये म्हणून

आठवड्यातून एकदा हिशेबाची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला न ठेवता कपाटात ठेवा. वळवाचा पाऊस, विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढाच, सोबत इंटरनेटची तारेची केबलही काढा, वीज तिच्यातूनही येते. अर्थिंग तपासून घ्या. सहा महिन्यांतून एकदा धूळ झटका. शाळेचा कॉम्प्युटर सुट्टीत बंद राहतो, तर पावसाळी दमट दिवसांत अधूनमधून अर्धा तास चालू ठेवा.