भाकरीचा जमाखर्च

सोलापुरात राहून ज्वारी परवडत नाही, असे वाक्य घरच्या हिशोबाच्या वहीत लिहिण्याची वेळ येईल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. आम्ही काही सहकारी मराठीचे अध्यापन करतो. वर्षभर शक्यतो आपल्या जिल्ह्यात पिकलेलेच खायचे, आणि तेही घरखर्चाची ठरलेली रक्कम न वाढवता, असा एक संकल्प आम्ही दोन-तीन घरांनी मिळून केला होता. संकल्पामागे थोडी हौस होती, थोडा अभिमानही होता. ज्या जिल्ह्यात शाळूची रानेच्या राने उभी असतात, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तिथे हे काम सोपे असणार अशी आमची समजूत होती.

समजूत पहिल्याच महिन्यात खोटी ठरली. दुकानात चांगली मालदांडी पंचावन्न रुपये किलो आणि परराज्यातून आलेला गहू तेहतीस रुपये. चार माणसांच्या घराला महिन्याला बारा किलो ज्वारी धरली, तर वहीत अडीचशे-पावणेतीनशे रुपयांची वाढ दिसू लागली. ही कुरकुर आमच्यापैकी एकांच्या घरी चालली असता कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "बाई, भाकरी आता तुमच्यासारक्यालाच परवडती. आमाला रेशनचा गहू हाय की." वाक्य सहज होते, तक्रारीचा सूर त्यात नव्हता. पण ज्या मराठी साहित्यात भाकरी हे गरिबाच्या जेवणाचे दुसरे नाव म्हणून आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो, त्याचा अर्थच या वाक्याने उलटा केला. हा उलटफेर केव्हा आणि कसा झाला, याचा शोध घेणे आम्हांला आवश्यक वाटले. प्रस्तुत टिपण त्या शोधातून आलेले आहे.

आरंभी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जुन्या गावगाड्यात ज्वारी 'स्वस्त' होती असे म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. कारण बहुसंख्य माणसे ती विकत घेतच नव्हती. बलुतेदाराला त्याच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. सालगड्याच्या सालात रोकड रकमेबरोबर ज्वारीची पोती ठरलेली असत. खुडणीची, काढणीची मजुरी कणसांत किंवा पायल्यांत मोजली जाई. घरची शिल्लक पेवात आणि कणगीत असे. म्हणजे घराचा जमाखर्च पैशात न मांडता धान्यातच मांडला जात होता आणि ते धान्य त्याच शिवारात पिकलेले असे. जे पिकते तेच मजुरी म्हणून मिळते आणि तेच चुलीवर चढते, अशी ती साखळी होती. दया पवारांच्या आत्मकथनामुळे 'बलुतं' हा शब्द आज आपल्याला प्रामुख्याने अपमानाची खूण म्हणून परिचित आहे, आणि ते योग्यच आहे. पण तो मुळात धान्यातल्या वाट्याचाही शब्द आहे. वाटा होता आणि त्याबरोबर अपमानही होता. गावच्या अन्नाविषयी हळवे होऊन बोलताना यांतले एक बोलून दुसरे गाळता येत नाही.

शिवाय ही साखळी पावसावर टांगलेली होती. १८७६ ते १८७८ या काळातल्या दुष्काळात दख्खनचे जिल्हे होरपळले, त्यांत सोलापूर होते. रेल्वे इथे १८६० सालीच पोहोचली होती. तरीही माणसे अन्नावाचून मेली. बाजारात धान्य होते, पण रान पडीक पडल्यामुळे मजुरी बुडाली होती आणि मजुरी बुडाल्यामुळे ते धान्य घेण्याची ऐपत उरलेली नव्हती. दुष्काळी कामांवर मजुराला किती द्यावे याचा वाद झाला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी जी कपात सुचवली तिचे माप धान्याचेच होते: दिवसाला एक रतल, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्य विकत घेता येईल इतकी रक्कम आणि वर किरकोळ पैसे. या मजुरीविरुद्ध १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे १८८३ मध्ये सिद्ध झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचा संबंध सारा, कर्ज आणि कचेरी यांच्याशी जोडून दाखवला. माणसाच्या ताटात काय पडते हे त्याच्या शिवारात काय पिकते एवढ्यावरून ठरत नाही, हे फुल्यांनी त्या वेळीच ओळखले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा जमाखर्च प्रथमच कोणीतरी घरोघर फिरून मांडला. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातले डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. शेतीचे उत्पन्न आणि बाहेरची मजुरी ही दोन्ही मिळूनही गावातल्या बहुसंख्य कुटुंबांचा साधा खर्च भागत नव्हता, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता. मुंबईतल्या कामगारांच्या घरखर्चाची सरकारी पाहणी १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. कापड गिरणीत राबणाऱ्या माणसाला मिळणारे धान्य तुरुंगातल्या कैद्याला नियमाप्रमाणे मिळणाऱ्या धान्यापेक्षा कमी भरते, असे तिच्यात आढळले. एकीकडे गावात पिकवणारा आणि दुसरीकडे शहरात विकत घेणारा, अशा दोघांचीही वही तुटीचीच होती. (पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत हरवले आहे. मान यांनी पाहिलेल्या शेतांच्या जागी राहणाऱ्या माणसांना आता 'गावरान' धान्य वाण्याकडून पाकिटात मिळते.)

ही तूट भरून काढण्याची जबाबदारी शासनाने घेतली, तिथून ताटाचा भूगोल बदलू लागला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये अमेरिकेशी पी. एल. ४८० या कायद्याखाली करार झाला आणि बंदरांत गव्हाची जहाजे लागू लागली. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग स्थापन झाले. हमीभावाने खरेदी करायची, गुदामात साठवायचे आणि रेशन दुकानातून देशभर वाटायचे, अशी ही यंत्रणा होती. गहू आणि तांदूळ टिकाऊ, एकजिनसी, आणि ओलिताच्या प्रदेशांत मोठ्या प्रमाणावर एका जागी मिळणारे. ते या यंत्रणेत नीट बसले. कोरडवाहू रानांत विखुरलेली ज्वारी तशी बसली नाही.

ज्वारीवर प्रयोग झाले नाहीत असे मात्र नाही. आपली मालदांडी ३५-१ ही मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने सिद्ध झालेली जात स्वातंत्र्यापूर्वीची आहे आणि शेतकऱ्यांनी ती आजही सोडलेली नाही. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. तिने खरिपाचे उत्पन्न वाढवले, पण ऐन काढणीत पाऊस लागला की दाणा काळा पडे. त्या काळ्या दाण्याला बाजारात भाव नव्हता आणि घरात मान नव्हता. ताटही ठेंगणे, त्यामुळे कडबा कमी. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी मिळाली आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो. त्या मिलोच्या भाकरीची चव आमच्या आईवडिलांच्या पिढीने कधी विसरली नाही. तरीही ती चव सांगताना त्यांपैकी अनेकजण शेवटी "पण जगलो" असे म्हणत, हेही नोंदवले पाहिजे. परक्या धान्याने माणसे वाचवली. शिवारातल्या अन्नाचा पुरस्कार करताना हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

किमतींचा उलटफेर याच्या पुढच्या पन्नास वर्षांत झाला. १९७५-७६ मध्ये गव्हाचा आधारभाव क्विंटलला १०५ रुपये होता आणि ज्वारीचा ७४. २०२३ साली जाहीर झालेल्या हमीभावांत मालदांडी ज्वारीला ३,२२५ रुपये होते आणि गव्हाला २,२७५. कारण वरवर साधे आहे. पंजाबात ओलिताखाली गहू हेक्टरी चाळीस क्विंटलांच्या पुढे जातो, तर कोरडवाहू रब्बी ज्वारी दहाच्या आसपास घुटमळते. साहजिकच ज्वारीचा क्विंटलमागचा खर्च जास्त येतो. पण या साध्या कारणामागे धोरणाचा मोठा इतिहास उभा आहे. पाणी, खत, संशोधन आणि खात्रीची खरेदी गव्हाच्या वाट्याला आली. आपल्याकडे जिथे धरणाचे पाणी पोहोचले तिथे ऊस उभा राहिला. १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र ज्वारीखाली होते. आज ते त्याहून खूपच कमी उरले आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला. त्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असा दर होता. म्हणजे कायद्याच्या कागदावर ज्वारी सर्वांत स्वस्त होती. प्रत्यक्षात दुकानात आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी आली तर अधूनमधून. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. योगायोग असा, की तेच वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. आमच्याही महाविद्यालयात त्यानिमित्त भाकरीचे गुणवर्णन करणारी व्याख्याने झाली, आणि आम्ही ती टाळ्या वाजवून ऐकली.

आता मावशींचे वाक्य पुन्हा वाचता येते. ज्वारीऐवजी आमच्या घरात येणारा गहू तेहतीस रुपयांचा. म्हणून भाकरीसाठी आम्हांला किलोमागे बावीस रुपये जास्त मोजावे लागतात. मावशींच्या घरात येणारा गहू फुकट. म्हणून त्यांना पूर्ण पंचावन्न. त्याच बारा किलोंचा हिशोब आमच्याकडे दोनशे चौसष्ट रुपये होतो आणि त्यांच्याकडे सहाशे साठ. आपल्या मातीतली भाकरी खाण्याची किंमत ज्याची मिळकत कमी त्याला अधिक पडते. त्यांच्या आजीला मजुरीत ज्वारी मिळत होती; त्यांना मजुरी पैशात मिळते आणि धान्य सरकारकडून. मजुरी आणि शिवार यांना जोडणारी गाठ सुटली आहे. ती सुटल्यामुळे उपासमार टळली आणि खळ्यावर हात पसरणे संपले, हेही तितकेच खरे.

आमच्या संकल्पाचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. दुकान सोडून सुगीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तीन घरांनी मिळून एका शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी एकदम घेतली, तेव्हा दर बेचाळीस पडला. कडुनिंबाचा पाला घालून ती पिंपात भरली. एका घरच्या ज्वारीला पावसाळ्यात सोंडे लागलेच. भाजीत ऋतू पाळला की खर्च उतरला. तूर, हरभरा, शेंगदाणा यांत अडचण आली नाही. वर्षाअखेर वही जवळपास जुळली. पण ती जुळण्यासाठी तीन गोष्टी लागल्या: एकरकमी पैसा, पिंप ठेवायला जागा, आणि रोज तव्यापाशी उभे राहून एकेक भाकरी थापणारे हात. शेवटच्या बाबीची नोंद वहीत कुठेच नव्हती, आणि आमच्या घरांतल्या स्त्रियांनी ती तशी नसल्याचे आम्हांला स्पष्ट शब्दांत दाखवून दिले. तिथून पुढे पीठ मळण्याची आणि भाकरी थापण्याची पाळी लावली गेली. पुरुष सहकाऱ्यांच्या भाकरीचा आकार अजून गोल होत नाही.

यंदाच्या सुगीत मावशींनी विचारले, तुमच्याबरोबर आमचेही एक पोते घ्याल का, पैसे महिन्याला थोडे थोडे देईन. आम्ही घेतले. यातून व्यवस्था बदलत नाही, याची आम्हांला जाणीव आहे. ती बदलायची तर रेशनच्या दुकानात इथली ज्वारी नियमाने यावी लागेल आणि त्यासाठी ती इथल्या शेतकऱ्याकडून खात्रीने विकत घ्यावी लागेल. तूर्त त्यांच्या हप्त्याची नोंद आमच्याच वहीत होते. वर्गात भाकरीची कविता शिकवण्याआधी आता आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो: तुमच्या घरी भाकरी कोणत्या दिवशी होते, आणि ज्वारी कुठून येते? रेशनच्या गव्हाची चपाती डब्यात आणणारी मुले सुरुवातीला गप्प बसतात. मग हळूहळू बोलू लागतात.